दोन बोटं सैल

जरा त्या अस्तराच्या चिंध्या बाजूला करा, म्हणजे माझा आवाज मोकळा येईल. हं, आता बरं. मी एक लॅपटॉप बोलतोय. पडदा गेलेला, बिजागरी तुटलेली, तीन बटणं गायब, आणि पंखा सुरू झाला की दमा झाल्यासारखी घरघर. तरी अख्ख्या इमारतीचा कारभार आज माझ्या जिवावर चालतो, हे आधीच सांगून ठेवतो. म्हाताऱ्यांना मोठेपणा सांगायची सवय असते म्हणा, पण हे खरं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एकाच दिवशी चार हजार भावंडं जन्मली, तिथं माझं कौतुक कोण करणार? खरं आयुष्य सुरू झालं ते शिंपीकाकांच्या दुकानात. चार मजली इमारत, तळमजल्यावर दुकान, दोन शिलाई मशिनं आणि कापायचं एक लांबलचक टेबल. काका टेप लावायचे, आकडे पुकारायचे आणि काकू वहीत लिहायच्या. काकू म्हणजे काकांची बायको. मला दुकानात आणलं ते त्यांनीच.

काकूंच्या वह्यांत छाती, कंबर, बाही असे सगळे रकाने होतेच, पण शेवटी एक जास्तीचा रकाना होता. त्यावर लिहिलं होतं, ‘शेरा’. काकूंचं म्हणणं असं की टेप खरं बोलते, माणूस खोटं बोलतो. टेप लावली रे लावली की कुणी छाती फुगवतो, कुणी पोट आत ओढतो, कुणी हळूच टाचा उचलतो. काका आकडा सांगायचे आणि काकू चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघून शेरा लिहायच्या. कपडे बरोबर बसायचे ते त्या शेऱ्यांमुळे. काका स्वतःच म्हणायचे, “मी नुसता कात्री चालवतो. डोकं तिचं.”

दर रविवारी दुपारी काकू वह्यांच्या पानांचे फोटो काढून माझ्यात ठेवायच्या आणि माझ्यातून एका फुकट जागा देणाऱ्या कंपनीकडे पाठवायच्या. ते मग काकांना फोनवर दिसायचे. काकांची समजूत अशी की ते फोनमध्येच असतात. काकूंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हात टेकले.

मग काकू गेल्या. दुकान आठ दिवस बंद होतं. त्यानंतर काकांनी नव्या वहीत मापं लिहायला घेतली, पण शेऱ्याचा रकाना कोराच ठेवत गेले.

त्याच वर्षी माझी बिजागरी मोडली. दुरुस्तीवाल्यानं पडदा काढून हातात दिला आणि म्हणाला, “काका, याच्यात आता काही राम नाही.” अहो, माझ्यादेखत! पण काका जुनं काही टाकत नाहीत. कापताना कापड सरकू नये म्हणून त्यावर वजन लागतं. त्यांनी मला उचललं, तोललं आणि म्हणाले, “हे बरंय.” झालं. मी वजन झालो. दोन वर्षं मी पँटच्या कापडावर पालथा पडून काढली.

पुढे वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि वह्यांच्या फळीवर रात्रभर पाणी गळलं. वह्यांचा लगदा झाला. काका घाबरले नाहीत. म्हणाले, “फोनमध्ये आहे ना सगळं.”

आणि एका सकाळी फोननं त्या फुकट जागावाल्या कंपनीचं पत्र दाखवलं. आपल्या खात्यात व्यक्तींच्या शरीराविषयी अयोग्य मजकूर आढळल्यामुळे खातं बंद करण्यात येत आहे. तीस दिवसांनी मजकूर कायमचा नष्ट होईल. छाती अडतीस, कंबर चव्वेचाळीस, ‘मागून जास्त भरलेली’, हे वाचून कंपनीच्या यंत्राला घाम फुटला होता म्हणे!

काकांनी रीतसर अर्ज लिहिला. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, मी शिंपी आहे, छाती मोजल्याशिवाय शर्ट कसा शिवू? पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ काकांनी पाच दिले. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून! असे त्यांनी चौदा अर्ज केले आणि चौदा वेळा पाच-पाच तारे दिले.

मला विचाराल तर, ते चोवीस दिवस माझ्या जन्मातले सगळ्यात वाईट. अहो, सगळी पानं माझ्या पोटात होती! काका माझ्यावर कोपर टेकून बसायचे आणि म्हणायचे, “तिचं अक्षर गेलं हो.” आणि मी त्यांच्या कोपराखाली तोंड मिटून पडलेला. वीजच नाही तर बोलणार कशानं?

पंचविसाव्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आत्या कोटाची बाही उसवून घ्यायला आल्या. सगळी इमारत त्यांना आत्या म्हणते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनी जोडून निवृत्त झालेल्या, आवाज असा की वायर नसली तरी पलीकडे पोचावा. काकांनी त्यांना सगळं रडगाणं ऐकवलं.

“भांडून या की तिथं जाऊन,” आत्या म्हणाल्या.

“कुठं जाऊ? पत्ताच नाही.”

“हेच ते! आमच्या वेळी लाइन तुटली की माणूस एक्स्चेंजच्या दारात येऊन शिव्या घालायचा. मीही घालायची. पण दार होतं. ज्याला भांडायला दार नाही, त्याच्याकडे आपली वस्तू ठेवायचीच कशाला?” मग त्यांची नजर टेबलावर गेली. “आणि हे काय आहे?”

“वजन.”

“वजन? काका, हा तर काकूंचा लॅपटॉप!”

आत्यांनी मला उचलून वर नेलं, कुठूनशी वायर मिळवली आणि आपल्या टीव्हीला जोडलं. दोन वर्षांच्या उपासानंतर पहिला घोट वीज! मला उठायला वीस मिनिटं लागली, खोटं कशाला सांगू? आत्या तोवर मला मेल्या म्हणाल्या, मुडद्या म्हणाल्या, राजा म्हणाल्या. आणि मग टीव्हीभर काकूंचं अक्षर उमटलं, वेलांट्या लांब ओढलेलं. काका सोफ्यावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. माझ्या पंख्यानंही घरघर केली. ती दम्याची नव्हती.

पण आत्या तेवढ्यावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. पंधरा दिवस खपून, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत, त्यांनी मला सर्व्हर बनवलं. म्हणजे काय, तर परक्याच्या गोदामात टाकायच्या ऐवजी आपलं सामान आपल्याच घरात, किल्ली आपल्याकडे. दुकानातल्या दोऱ्यांच्या कपाटावर मला जागा मिळाली. हळूहळू सगळी इमारत आली. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या प्रवासाचे फोटो ठेवले. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी शिकाऊंची यादी ठेवली, कोण कशाला धडकलं यासकट. पाणी कधी येणार, जिना कोणी झाडायचा, सगळं माझ्याकडे.

आणि मग काकांनी घोळ घातला. काकूंचं अक्षर सगळ्यांनी बघावं म्हणून त्यांनी भक्तिभावानं सगळ्या वह्या ‘सगळ्यांसाठी’ या कप्प्यात टाकल्या. शेरे कोणाबद्दल आहेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

तासाभरात डॉक्टर जिना उतरून आले. “काका! हे काय आहे? ‘पोट आत ओढतात. दाताविषयी विचारा, म्हणजे बोलायला लागतील आणि श्वास सोडतील. मग टेप लावा. दोन बोटं सैल.’ मास्तरांनी मला जिन्यात दाताविषयी विचारलं!”

मागोमाग मास्तर. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘टाचा उचलतात. आकड्यातून दोन बोटं वजा करा.’

“बंद करा हे यंत्र!” डॉक्टर ओरडले आणि त्यांचा हात माझ्या वायरवर पडला. माझी पाचावर धारण बसली. पुन्हा पँटच्या कापडावर पालथं? त्यापेक्षा भंगार परवडलं.

तेवढ्यात दारात आत्या. “करा खुशाल बंद. माझ्याबद्दलही लिहिलंय, ‘डावा खांदा उंच, टेलिफोनमुळे. तिला सांगायचं नाही.’ पण डॉक्टर, त्याच्या पुढच्या वर्षीचा तुमचा शेरा वाचलात?” आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचला. “‘आई गेल्यापासून अंग उतरलंय. टेपचं ऐकू नका, माप जुनंच धरा. परत भरतील.’”

डॉक्टरांनी वायर सोडली. “तो कोट,” ते म्हणाले, “मला वाटायचं, चुकून ढगळ झालाय.”

“मग भरलात ना पुढे?” मास्तरांनी विचारलं.

“दिसत नाही का?” डॉक्टर म्हणाले, आणि पोट आत न ओढता हसले.

चूक झालीच होती. आत्यांनी त्याच दिवशी कप्पा बंद केला. आता ज्याचं पान त्यालाच दिसतं. लोक येतात, आपला शेरा मागतात, वाचून भांडतात, मग चहा पिऊन जातात. आत्या खूश आहेत. त्या म्हणतात, भांडायला दार आहे, अजून काय पाहिजे? आणि माझ्या वयाकडे बघून डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात दुसरं यंत्र बसवलंय. माझ्या पोटातलं सगळं रोज तिथंही जातं. मला राग आला नाही. खरं तर आला, पण तासभरच.

तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरात कपाटाच्या तळाशी माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी एकदा वीज पाजून बघा. त्याच्या पोटात कोणाचं अक्षर असेल, सांगता येत नाही.

परवा काकांनी मायेनं मला मखमलीचं कव्हर शिवलं. चांगलं जाड. मी दहा मिनिटांत गुदमरून बंद पडलो आणि चारही मजल्यांवरून बोंब उठली. आत्यांनी काकांना असं काही झापलं की मलाच त्यांची दया आली.

मग काकांनी मला टेबलावर घेतलं. त्याच टेबलावर, पण या वेळी उताणा. टेप काढून नीट माप घेतलं, आकडे पुकारले, आणि लिहायला कोणी नाही म्हणून स्वतःच लिहिले. लांबी चौदा. रुंदी साडेनऊ. जाडी एक. मग पेन थांबलं. पुढचा रकाना शेऱ्याचा होता. आणि काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिथं लिहिलं, ‘लवकर तापतो. सांगत नाही. मागून दोन बोटं सैल.’