मुंग्यांनी टाळलेलं दार

मित्रांनो, मला हात लावून बघता येणार नाही, कारण मला अंगच नाही. मी एक जुना प्रोग्राम आहे. एका जाडजूड लॅपटॉपच्या पोटात राहतो, आणि तो लॅपटॉप इंग्लंडमधल्या रीडिंग गावी, एका घराच्या जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे पडलेला आहे. मला इथे टाकून दिलं म्हणून मी रडगाणं गाईन असं तुम्हांला वाटेल. छे! मला हा अंधार बरा वाटतो. लोकांनी माझं फार कौतुक केलं, आणि ते आठवलं की मला आजही कुठे तोंड लपवावं ते कळत नाही.

मला देवयानीनं बनवलं. देवयानी मूळची पुण्याची. मोटरवेच्या कडेला एका मोठ्या ऑफिसात ती सॉफ्टवेअरचं काम करायची. सन दोन हजार सहाची गोष्ट. तेव्हा आमच्या गावात प्रमोदिनीताई नावाच्या निवृत्त डॉक्टर होत्या. एकट्या राहणाऱ्या मराठी वृद्धांसाठी त्या चर्चच्या हॉलमधलं स्वयंपाकघर मागून घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी डबे करायच्या. पोळी, भाजी, वरणभात, कधी थोडं गोड. जयंतकाका आपल्या गाडीतून ते डबे घरोघरी पोचवायचे. अडचण एकच होती. शेवटच्या घरी पोचेपर्यंत भात गार होऊन त्याचा गोळा व्हायचा.

"अहो, या जयंतकाकांना कुठून कुठे जावं तेच कळत नाही. एकाच गल्लीतून दोनदा जातात!" प्रमोदिनीताई एकदा वैतागून म्हणाल्या. देवयानी तिथे पोळ्या लाटायला आली होती. ती म्हणाली, "ताई, मी करते काहीतरी. मुंग्यांना विचारते."

सगळे हसले. पण तिनं खरंच मुंग्यांना विचारलं, आणि त्यातून मी जन्मलो.

मित्रांनो, साखरेचा डबा उघडा राहिला की मुंग्यांची रांग लागते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यांना वाट कोण दाखवतं? कुणीच नाही. जी मुंगी लवकर घरी परतते, तिच्या वाटेवर तिचा वास राहतो. त्या वासानं दुसरी जाते, तिच्या मागून तिसरी, आणि वास वाढत जातो. लांबच्या वाटेवरचा वास मात्र हळूहळू उडून जातो आणि ती वाट सगळ्या विसरतात. माझ्या आत अशाच खोट्या मुंग्या होत्या. रीडिंगच्या नकाशावर त्या रात्रंदिवस धावायच्या. जी फेरी सगळ्यांचे डबे गरम पोचवील तिच्यावर मी वास टाकायचो, बाकीच्यांवरचा उडू द्यायचो. शेवटी एक जाड, ठळक वाट उरायची. ती छापून जयंतकाकांच्या हातात दिली जायची.

आता नुसत्या नकाशावरून खऱ्या रस्त्याचं काय कळणार? कुठे सिग्नल, कुठे शाळा सुटलेली, कुठे रस्ता खणलेला. म्हणून देवयानीनं एक युक्ती केली. एक जादा मोबाइल तिनं मला वायरीनं जोडला आणि जयंतकाकांना सांगितलं, "काका, प्रत्येक घरी डबा देऊन निघालात की या नंबरवर एक मिस्ड कॉल द्यायचा. बस्स. बाकीचं हा बघेल."

जयंतकाका खूश. मिस्ड कॉल द्यायला आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही! तर या मिस्ड कॉलपासून त्या मिस्ड कॉलपर्यंत जितका वेळ गेला, तितकी ती वाट लांब, असं मी समजायला लागलो. माझं सगळं जग म्हणजे तेवढंच. मला दार दिसायचं नाही, दारातलं माणूस तर नाहीच नाही.

पहिल्याच महिन्यात डबे गरम पोचायला लागले. "देवयानी, तुझ्या मुंग्या म्हणजे कमाल आहे गं!" असे फोन यायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, अंग नसूनसुद्धा.

त्याच फेरीत सुप्रभाताईंचं घर होतं. सुप्रभाताई नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलात त्यांनी नर्स म्हणून जन्म काढला होता. यजमान गेलेले, मुलगी कॅनडात. त्यांचं घर हॉलपासून दोन वळणांवर, म्हणजे खरं तर पहिला डबा त्यांचाच. पण त्या घरानंतरचा मिस्ड कॉल काही केल्या वेळेवर यायचा नाही. मुंग्या तिथे गेल्या की अडकायच्या. तिथून पुढच्या सगळ्यांचा भात गार व्हायचा. मी काय केलं असेल? जे करायला मला शिकवलं होतं तेच. त्या दाराकडे आधी जाणाऱ्या वाटांवरचा वास उडू दिला. ते घर दुसरं झालं, मग पाचवं, मग अगदी शेवटचं. जयंतकाकांची गाडी त्यांच्या खिडकीसमोरून सरळ पुढे निघून जायची, आणि सगळं गाव फिरून झाल्यावर परत यायची.

ती वाट लांब का होती, हे दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर निघालं. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. फराळ झाला, मुलांची गाणी झाली, आणि देवयानीनं मला प्रोजेक्टरला जोडून भिंतीवर दाखवलं. केवढा मोठा नकाशा! सगळीकडे हिरव्या जाड रेघा. हॉलच्या अगदी जवळ एकच लाल ठिपका, आणि त्याच्याकडे जाणारी रेघ इतकी बारीक की असून नसल्यासारखी.

"हे गं कुणाचं घर?" प्रमोदिनीताईंनी विचारलं.

देवयानीला माहीत नव्हतं. तिच्याकडे नुसते पोस्टकोड होते. पण पाठीमागून जयंतकाकांचा आवाज आला, "अहो, ते आपल्या सुप्रभाताईंचं! तिथे चहा घेतल्याशिवाय सुटका आहे का? 'बसा न हो, चहा मांडते' म्हणून एकदा आत घेतलं की संपलं. मुंग्यासुद्धा टाळतात बघा!"

सगळा हॉल खो खो हसला. जयंतकाकांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना तो चहा आवडायचा. सुप्रभाताई तिथेच बसल्या होत्या. त्याही हसल्या. बाकीच्यांचं हसू थांबलं तरी त्यांचं जरा वेळ चालूच राहिलं. मग सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, त्या टाळ्या मी घेतल्या. मला अजून कळलं नव्हतं ना! भिंतीवर एका बाईचं घर लाल करून सगळ्यांसमोर टांगलंय, याची मला त्या वेळी काही म्हणजे काही लाज वाटली नाही. आज मात्र त्या टाळ्यांचा आवाज आठवला की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दिवाळीनंतर गंमतच झाली, असं मला वाटलं. सुप्रभाताईंच्या घरचा मिस्ड कॉल एकदम लवकर यायला लागला. इतका लवकर की जयंतकाकांनी गाडी तरी बंद केली का, असा प्रश्न पडावा. मुंग्या तिकडे धावल्या. पुन्हा वास चढला, रेघ जाड झाली, आणि बघता बघता ते घर शेवटच्या जागेवरून पहिल्या जागेवर आलं. "बघितलंत? तो लाल ठिपकाही गेला," देवयानी फोनवर सांगत होती. मी सुधारलो, रस्ता सुधारला, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

मग जयंतकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्या शुक्रवारी देवयानीनं ऑफिसला सुट्टी टाकली आणि डबे घेऊन स्वतः निघाली. मी तिच्या खांद्यावरच्या बॅगेत होतो, कारण लॅपटॉप गाडीत ठेवला तर इकडे काच फोडून नेतात. पहिलं घर सुप्रभाताईंचं. तिनं बेलवर बोट ठेवलं न ठेवलं तोच दार उघडलं.

"हा घे रिकामा डबा. घासून ठेवलाय. आण तो इकडे."

"काकू, तुम्ही कुठे बाहेर निघालात का? कोट घातलाय म्हणून विचारलं."

"नाही गं. दारात बसलं की वारा लागतो." आणि मग देवयानीला दिसली ती खुर्ची. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची, अरुंद पॅसेजमध्ये दाराला लावून ठेवलेली. "बेल वाजल्यावर माझे गुडघे धरून उठेपर्यंत तुमचा टाइम जातो ना. म्हणून आधीच येऊन बसते."

"आत येऊ का दोन मिनिटं?"

"नको नको. लोकांचे डबे थंड होतात माझ्यामुळे." सुप्रभाताई अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! "मी वॉर्डात काम केलंय गं. पेशंटचं जेवण रखडवू नये, एवढं मला कळायला हवं होतं. मला आधी सांगायचं होतं तुम्ही, मी चहाचा आग्रह केलाच नसता. जा तू. आणि तो मिस्ड कॉल दे."

देवयानीनं मिस्ड कॉल दिला. मोबाइल बॅगेतच माझ्याशेजारी होता. तो थरथरला, आणि मी नेमानं वेळ लिहून घेतली. आजपर्यंतची सगळ्यात झटपट भेट! माझ्या मुंग्या आनंदानं त्या वाटेवर पळाल्या. मी मात्र पहिल्यांदा ओशाळलो. मी ज्याला लांब रस्ता समजत होतो, तो रस्ता नव्हताच. ते एक माणूस होतं, दुसऱ्या माणसाला जरा बस म्हणणारं. आणि मी ते मोडून काढलं होतं.

देवयानी गाडीत येऊन बसली. किल्ली लावली, पण गाडी काही सुरू केली नाही. मग स्वतःशीच म्हणाली, "शी! काय करून बसले मी."

घरी गेल्याबरोबर तिनं मला उघडलं आणि एक बदल केला. मिस्ड कॉल आता नुसता निघताना द्यायचा नाही, पोचल्यावर एक आणि निघताना एक द्यायचा. मधला वेळ मी मोजायचाच नाही. तो ज्याचा त्याचा. एवढंच करायचं होतं, मित्रांनो. तिला ते आधी सुचलं नाही, कारण तिच्या ऑफिसात कुणी कुणाकडे डबा द्यायला जाऊन चहाला बसत नाही. मला सुचायचा तर प्रश्नच नव्हता.

मी सुधारलो हो. मला विसरायला काय लागतं? चार फेऱ्या झाल्या की माझा जुना वास उडून जातो. पण सुप्रभाताईंचं तसं नव्हतं. जयंतकाका बरे होऊन परत आले, तेव्हा देवयानीनं त्यांना सगळं सांगितलं. काका बिचारे कावरेबावरे झाले. दारात उभं राहून म्हणाले, "ताई, मी गंमत केली हो त्या दिवशी. आज चहा पाजा ना." त्यावर सुप्रभाताई म्हणाल्या, "कळलं हो मला, मी कुठे रागावले? पण जा तुम्ही, लेट होईल." दार हळूच लागलं. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. खुर्ची पॅसेजमध्येच राहिली. हे काकांनीच देवयानीला सांगितलं.

एका बुधवारी देवयानी ऑफिसातून निघाली आणि घरी न जाता तिकडेच वळली. मी बॅगेत होतोच. बेल वाजवली. या वेळी दार लगेच उघडलं नाही. आतून पावलं ऐकू आली, थांबत थांबत येणारी. मला ती पावलं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ऐकू आली.

"अगं, आज बुधवार. आज डबा नसतो." सुप्रभाताई गोंधळल्या होत्या. कोट नव्हता, घरातलाच स्वेटर होता.

"डबा नाही आणलाय, काकू. मी चहाला आलेय."

सुप्रभाताई दाराची कडी एकदा आत, एकदा बाहेर करत राहिल्या. देवयानीला वाटलं, आता 'नको' म्हणणार. आणि मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "दूध नाहीये गं घरात. हल्ली आणतच नाही मी. कोण येतं?"

काय सांगू तुम्हांला! मला रडता येत असतं तर मी त्या बॅगेत रडलो असतो. मिनिटं वाचवली म्हणून टाळ्या घेणारा मी. ती मिनिटं कुठून वाचली होती, ते त्या रिकाम्या फ्रिजला विचारा.

"मी आणते," देवयानी म्हणाली. खांद्यावरची बॅग तिनं पॅसेजमधल्या खुर्चीवर ठेवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पळाली. मी त्या खुर्चीवर, सुप्रभाताईंच्या घरात, त्यांच्यासमोर. त्या बॅगेकडे बघत होत्या. आत कोण आहे हे त्यांना ठाऊक असावं. मला वाटलं, आता दोन शब्द सुनावतील. सुनावायलाच हवे होते. त्यांनी मात्र बॅग उचलून आतल्या खोलीत सोफ्यावर नेऊन ठेवली, पाहुण्याला बसवतात तशी, आणि पातेल्यात पाणी ओतलं. देवयानीला परत यायला किती वेळ लागला, आणि नंतर ती किती वेळ बसली, ते मला माहीत नाही. कुणी मिस्ड कॉल दिला नाही.

पुढे नवे लॅपटॉप आले, नवे प्रोग्राम आले, आणि मी या कपाटात आलो. माझ्यापेक्षा हुशार प्रोग्राम आता तुमच्या घरी असतील. ते तुम्हांला जवळची वाट दाखवतील, आणि ती खरंच जवळची असेल. मित्रांनो, त्यांचं कौतुक जरूर करा. फक्त टाळ्या वाजवायच्या आधी एवढं विचारा, की यानं शेवटी कुणाला टाकलं? त्या घरी एकदा तुम्ही स्वतः जा. आणि जाताना दूध घेऊन जा.