मोजायला येणारी माणसं

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या एका छावणीच्या फाटकाशी मला सिमेंटच्या ओट्यावर उभं केलं आहे. तुम्ही शाळेच्या सहलीला येता, माझ्या साखळ्यांवर चढता आणि विचारता, याने किती माणसं मारली? एकही नाही. तुमचा हिरमोड होतो ते मला दिसतं. पण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही असेल तर तेच आहे.

माझा जन्म लीड्सच्या कारखान्यातला. तिथून मला जर्मनीत नेलं आणि पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. सीमेपलीकडे शत्रूच्या, म्हणजे रशियाच्या गटाचे रणगाडे आमच्याकडे तोंड करून उभे होते. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांवर डोळे वटारून बसलो. मग एका हिवाळ्यात शत्रूने जाहीर केलं, आम्ही लाखो सैनिक कमी करतो, हजारो रणगाडे मागे घेतो. आमच्याकडे आनंदीआनंद झाला असं तुम्हाला वाटेल, पण आमचे लोक घाबरले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा डाव असला तर? आपण कमी केलं आणि त्यांनी केलंच नाही तर? बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी करार झाला आणि उत्तर ठरलं, की दोघांनीही कमी करायचं, आणि एकमेकांच्या घरी जाऊन मोजायचं. माणसांनी एवढं शहाणपण दाखवलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

हे उत्तर माझ्या भावंडांच्या अंगावर लिहिलं गेलं. गॅसच्या ज्योतीने त्यांचे तुकडे केले. मी शोभेसाठी वाचलो, इथे परत आणला गेलो. माझं इंजिन काढून घेतलं, तोफ कायमची बुजवली. त्यानंतर रशियाचे अधिकारी मधूनमधून यायचे, माझं मागचं झाकण उघडायचे, आत बॅटरीचा उजेड पाडायचे आणि मान हलवून पुढे जायचे. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे त्यांची सवय झाली.

त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पिनर या उपनगरातल्या वैजयंतीकाकू यायच्या. पुण्यात असताना त्या हौसेने रशियन शिकल्या होत्या. लग्न होऊन इथे आल्यावर त्याच भाषेने त्यांना काम दिलं. त्यांना गाडीतून सोडायला त्यांचे यजमान ज्ञानेश्वरकाका यायचे. काकांचा सारा जन्म बसच्या गॅरेजमध्ये गेलेला. बायकोचं काम होईपर्यंत ते माझ्यापाशी उभे राहायचे, मला थोपटायचे. बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात छावणीची जत्रा होती. काकांनी निवृत्त मेकॅनिक मित्रांना गोळा केलं, भंगारातून माझ्या जातीचं इंजिन मिळवलं आणि छावणीच्या प्रमुखाची परवानगी काढली. मुलांची मजा, असं म्हणून त्यानेही हो म्हटलं. काकूंना मात्र जत्रेपर्यंत कोणी कळू दिलं नाही. जत्रेच्या दिवशी मी धडधडलो, चाललो. मुलं नाचली. इतका आनंद मला साऱ्या आयुष्यात झाला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तपासणीची वर्दी आली. ती अशीच अचानक येते. इंजिन काढायला क्रेन लागते, तेवढा वेळच नव्हता. रशियाच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने झाकण उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. आतून ताज्या तेलाचा वास येत होता.

"त्याला सांगा, जत्रेसाठी केलेलं खेळणं आहे हे," प्रमुख घाईघाईने म्हणाला.

काकूंनी जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, हे बसवलं कोणी? काकूंनी प्रश्न इंग्रजीत सांगितला. प्रमुख घड्याळाकडे बघू लागला. दुभाष्याने पदरचं बोलायचं नसतं, पण काकू बोलल्या. "माझ्या नवऱ्याने. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं."

म्हाताऱ्याने वहीत नोंद केली. "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण मला इथे विश्वास ठेवायला पाठवलेलं नाही. मोजायला पाठवलंय."

काकूंचं ते काम गेलं. काही दिवसांनी इंजिन काढायला काका आले, तेव्हा काकूही आल्या होत्या.

"अहो, मला एकदा विचारायचं तरी."

"अगं, सरप्राइज द्यायचं होतं तुला. डिस्प्लेला ठेवलेला टँक तो, त्याने कोणाचं काय बिघडतंय?"

"तो बंद आहे ना, हेच बघायला ते येत होते. बघून जात होते. परत जाऊन सांगत होते की इथे सगळं ओके आहे. आता काय सांगतील?"

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "मी सॉरी म्हणतो ना त्यांना. लेटर लिहितो."

"कोणाला लिहिणार तुम्ही?" काकू म्हणाल्या, आणि माझ्या साखळीला टेकून रडल्या.

त्याच वर्षाच्या शेवटी रशियाने जाहीर केलं, आता हा करार आम्ही पाळणार नाही, कोणाला मोजू देणार नाही, मोजायलाही येणार नाही. हे माझ्यामुळे झालं नाही. दोन्हीकडच्या राजधान्यांत ते कधीपासून शिजत होतं, मी त्यात खिजगणतीतही नव्हतो. पण त्या म्हाताऱ्याने इथून शेवटचं जे नेलं ते माझ्या पोटातलं इंजिन होतं, आणि ती नोंद पुसायला आता कोणी येणार नाही. माझं झाकण तेव्हापासून उघडलेलं नाही. बिजागऱ्या गंजल्या आहेत. तिकडेही माझ्यासारखा एखादा शोभेचा रणगाडा असेल. त्याच्या पोटात कोणी काय बसवतंय, कोण बघणार? इथे जेवणाच्या सुट्टीत शिपाई बोलतात, तिकडे म्हणे पुन्हा तयारी चालली आहे. खरं की खोटं, कोणालाच माहीत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

मित्रांनो, माझ्यावर चढा, फोटो काढा, माझी हरकत नाही. पण उतरण्याआधी तुमच्यातल्या दोघातिघांनी जोर लावून मागचं झाकण उघडा आणि आत बघा. मग घरी जाऊन सांगा, तिथे काही नव्हतं.