नवसाची काळी कोंबडी

भुरीबाई ख्रिस्ती होऊन नऊ वर्षं झाली होती, पण देवाशी तिचा व्यवहार जुनाच. आधी माल, मग मोबदला. जऊळक्याच्या ख्रिस्ती वस्तीची नवी विहीर चाळीस हात खणूनही कोरडी, आणि गावच्या विहिरीवर वस्तीला मज्जाव. म्हणून तिनं नवस बोलला होता: पाणी लागलं, तर काळी कोंबडी प्रभूला.

अडतीस सालचा उपकारस्तुतीचा रविवार उजाडला. पहिल्या पिकाची कणसं, भोपळे, मुगाची गाठोडी घेऊन माणसं देवळात रांगेनं उभी. भुरीबाई मात्र कोंबडी पदराखाली दाबून मागंमागं सरकत होती. आज सुरुंगवाला युसूफमिया विहिरीत शेवटचा सुरुंग उडवणार होता. त्याची सुट्टी शुक्रवारी, रविवारी नाही.

"भुरे, सरक नं पुढं!" शेजारच्या रुपाबाईनं कोपरानं ढोसलं.

"तू हो. माही कोंबडी अजून देवाची झाली नाई."

धडाम्! देवळाची कौलं खडखडली. सगळ्यांचे कान विहिरीकडे. पण धूर निवळल्याशिवाय युसूफ खाली उतरणार नव्हता, आणि इकडे रांग संपली.

"कशाचे उपकार, भुरीबाई?" मेजावर अर्पणं मांडून घेणाऱ्या पाळकांनी विचारलं.

"पाण्याचे. पण पाणी दिसू तं द्या, पाळकसायेब!"

"बरं, पाणी राहू द्या. याआधी काहीच मिळालं नाही?"

भुरीबाईनं कोंबडी घट्ट धरली. पोळ्याला नात गोवरानं फणफणली होती. भीतीनं नवस बोलायचंही सुचलं नव्हतं. तरी पोर उठली, भाकर मागू लागली. आणि त्याच्या मोबदल्याचं देवानं अवाक्षर काढलं नव्हतं! तिचे कान तापले. कोंबडी तिनं मेजावर ठेवली नाही, जवळजवळ फेकलीच.

"नातीसाठी!"

कोंबडी कणसांवर फडफडते न फडफडते तोच दारात युसूफ. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात लोटा.

"झरा फुटला! चला, चला!"

बाया पुरुषांच्या पुढं पळाल्या. अंगणात भुरीबाई एकदम थबकली.

"घात झाला, पाळकसायेब! कोंबडी तं नातीच्या नावानं गेली. आता पाण्याले काय देऊ?"

"काही नको."

"फुकट?"

"फुकट."

बाजारात मिरचीच्या चिमटीलाही घासाघीस करणारी बाई. पण आता तिनं नुसती ओंजळ पुढं केली. युसूफनं हसत लोटा कलता केला. पाणी गढूळ, खडीनं भरलेलं. तिनं ओंजळ तोंडाला लावली.

"गोडं हाय वं, बायांनो! गोडं!" असं ओरडत, रुपाबाईला ओढत ती विहिरीकडे पळत सुटली.