पुसायची कमांड

नवा मॉनिटर टेबलावर चढेपर्यंत ताईने आपला नफा मनातल्या मनात मांडून टाकला होता. नवऱ्याचे डोळे चुरचुरले नाहीत की त्याची कुरकुर बंद. कुरकुर बंद झाली की त्याचं भाषांतर पुढे सरकणार. आणि ते सरकलं की शिलाईच्या मशीनशेजारी उभं राहून "या शब्दाला तू काय म्हणशील?" असं विचारणारं कोणी उरणार नाही.

मॉनिटर धाकट्या भावाने आणला होता. कागदावर शाईने छापावं तशी अक्षरं, झगमगाट नाही. खोड एकच: आधीच्या पानाची फिकट सावली नव्या पानावर रेंगाळायची. त्यावर भावाने कमांड लिहून दिली होती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत "पूस" असं टाइप करून एंटर दाबायचं. पडदा एकदा काळाकुट्ट व्हायचा आणि मग स्वच्छ.

"भाऊजी, एवढा एकच शब्द."

"यंत्राला हुकूम सोडणं मला जमायचं नाही. तुझ्या ताईला शिकव, तिला सवय आहे."

"हो ना," ताई म्हणाली, "निदान हे तरी ऐकेल."

पहिले काही दिवस दुपारी एखादी हाक यायची. मग पानापानाला यायला लागली. "अगं, पूस!" ताई अर्धवट शिवण तशीच सुईखाली सोडायची, खडूने माखलेल्या बोटांनी टाइप करायची. पडदा काळा, पडदा पांढरा.

"हं, गेलं."

"डोळे एकदा दाखवून या," असं तिने दोनतीनदा सुचवलं. तो उसळायचा. एकदा डोळ्यांवरून प्रकाशकाने नुसतं विचारलं, तर फोनवर "डोळे ठणठणीत आहेत!" असं गरजला होता. त्याचं कारण तिला ठाऊक होतं. हे पुस्तक आपल्या हातून मराठीत यावं म्हणून तो तरुणपणापासून झुरत होता. डोळ्यांची कुणकुण लागली असती तर उरलेली प्रकरणं दुसऱ्याकडे गेली असती.

एके दिवशी दारात गिऱ्हाईक कोटासाठी खोळंबलं होतं आणि आतून हाक आली. ताई धावली. "पूस" टाइप केलं, तेवढ्यात गिऱ्हाइकाने पुन्हा बेल वाजवली. "आले, आले!" म्हणत ती वळली.

"हं, गेलं," मागून नवरा म्हणाला. "आता कसं स्वच्छ."

ताई उंबऱ्यातच थांबली. पडदा काळा झालाच नव्हता. ती परत आली. शब्द तसाच खिडकीत बसला होता. एंटर राहून गेलं होतं. वरचं पान आधीपासूनच लख्ख होतं, सावलीचा मागमूस नव्हता. आणि नवरा मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळ पकडू पाहत होता.

तिने शब्द एकेक अक्षराने खोडला आणि जाऊन कोट देऊन आली.

संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा नवरा समोरच बसला होता.

"ताई, युक्ती सापडली. पान उलटलं की पडदा आपोआप पुसला जाईल. तुला उठायलाच नको."

"राहू दे ते."

"अगं, तूच तर वैतागली होतीस!"

"उद्या गाडी घेऊन ये. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"कोणाला?"

तिने फोन ठेवला. नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"पुस्तक हातचं जाईल," तो म्हणाला.

"जात नाही कुठे. मी वाचून दाखवीन. तुम्ही सांगाल ते टाइप करीन."

"तुला ती भाषा कुठे येते?"

"अक्षरं येतात. अर्थ तुम्ही बघा."

"उच्चारांचं वाटोळं करशील."

"मग ओरडा. नाहीतरी ओरडताच."

तो हसला नाही; पण सरकून त्याने टेबलाशी दुसऱ्या खुर्चीपुरती जागा केली.

पुस्तक वेळेत गेलं. उजवा डोळा सावरला; डाव्यातला डाग मात्र कायमचा राहिला. बाकीची जी काही किंमत मोजायची होती, ती गल्लीतल्या लोकांनी मोजली: तेवढे महिने ताईची शिवण बंद होती, त्यामुळे त्यांच्या पँटी लांबच्या लांब राहिल्या.