कॅप्टनच्या टोपीवरचा बिल्ला

तैलचित्रातल्या कॅप्टन कुर्तूच्या टोपीवर फितीचा पांढरा बिल्ला होता, आणि लांग्रमधल्या कुर्तू घराण्याचा सगळा अभिमान त्या बिल्ल्यात मावायचा. नेपोलियन हरला, राजा गादीवर परतला, तेव्हा कॅप्टननं तिरंगी बिल्ला काढून राजाचा पांढरा लावला आणि राजाच्या नावानं शपथ घेतली. वर्षभरात नेपोलियन हद्दपारीच्या बेटावरून निसटून आला. बघता बघता सगळी पलटण पुन्हा तिरंगी झाली. कॅप्टन तेवढा पांढरा राहिला. घरात सांगायचे ती गोष्ट अशी.

गिलेनला ही गोष्ट पाठ होती. तिचा थोरला भाऊ आर्मां मात्र त्या गोष्टीवरच जगला होता. अल्जीरियात लेफ्टनंट असताना त्यानं तिथल्या गावकऱ्यांना शब्द दिला होता, फ्रान्स तुम्हाला सोडून जाणार नाही. पुढे सरकारनं अल्जीरिया सोडायचं ठरवलं, काही सेनापतींनी बंड केलं आणि आर्मां बंडात सामील झाला. बंड आठवडाही टिकलं नाही. आर्मांचा गणवेश गेला, तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्यानं ट्रॅक्टर विकण्यात जन्म घालवला. पण दर रविवारी जेवायला बसताना वाइनचा पहिला ग्लास तो कॅप्टनकडे बघून उंचावायचा.

यंदा छप्पर गळलं, चित्राला ओल लागली, म्हणून गिलेननं ते दिजाँला, जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या नोएमीच्या कार्यशाळेत दिलं. नोएमीनं पापुद्रे सुटलेल्या बिल्ल्याच्या कडेचा मोहरीहून लहान कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता.

"तुम्ही विज्ञान शिकवायचात ना? मग मी कशाला सांगू, तुम्हीच बघा."

गिलेननं डोळा लावला. तळाशी तिरंग्यातला लाल. त्यावर धुळीची काळपट रेघ. मग पांढरा, मग पुन्हा लाल, आणि सगळ्यात वर पांढरा.

"वरच्या तिन्ही थरांमध्ये धूळच नाही," ती पुटपुटली.

"धूळ बसायला वेळच मिळाला नाही. राजा आला, पांढरा. नेपोलियन आला, तिरंगी. राजा परत आला, परत पांढरा. रंगाऱ्याची चंगळ झाली असेल!" नोएमी हसली, मग गिलेनचा चेहरा बघून थांबली. "त्या काळी पुष्कळ घरांत असं करायचे हो. आता वरचा पांढरा सुटतोय. चिकटवू की काढू? चित्र तुम्हा बहीण-भावाचं आहे, दोघांनी सांगा."

चिकटव म्हणून गप्प बसणं सोपं होतं. वाटेत गिलेननं ते दहादा ठरवलं. पण प्रयोगाचा निकाल मनासारखा आला नाही म्हणून वहीत खोडाखोड करणाऱ्या पोरांना तिनं आयुष्यभर रागावलं होतं. घरी पोचल्यावर कोटही न काढता तिनं आर्मांला सगळं सांगून टाकलं.

"त्या पोरीची चूक झाली असेल," आर्मां म्हणाला.

"मी स्वतः पाहिलं."

"तुला चष्म्याशिवाय मीठ आणि साखर कळत नाही, मास्तरीणबाई."

"मग चल. तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसला. कार्यशाळेत त्यानं काठी टेबलाला टेकवली, वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. गिलेनला वाटलं, आता हा कोसळणार. तिनं खुर्ची जवळ ओढली.

"लबाड लेकाचा," शेवटी तो म्हणाला. सरळ उभा राहिला. "आणि त्याची माणसं? पलटणीतली?"

"चित्रातून ते नाही कळत, महाशय," नोएमी म्हणाली.

"ती वाचली असतील. त्याच्यामागून तीही फिरली, म्हणजे घरी परतली असतील." तो गिलेनकडे वळला. "बंडात जायच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या तुकडीला याचीच गोष्ट सांगितली होती. लुसियां पिठात हात घालूनच ऐकत होता. आमचा पाव भाजणारा भटारी. त्याला जायचं नव्हतं गं. गोष्ट ऐकून आला."

"तो तुझ्याबरोबर तुरुंगात होता?"

"माझ्या शेजारच्या कोठडीत. सुटल्यावर त्याला कुणी कामावर ठेवलं नाही. त्याची पत्रं यायची. मी काय लिहिणार? आपण शब्द पाळला, एवढंच मनाशी म्हणत राहिलो."

नोएमीनं हळूच विचारलं, "मग पांढरा काढू का?"

"नको. चिकटवा. शेवटी त्यानंच लावलाय, असू दे." त्यानं काठी उचलली. "पण भिंतीवर टांगायची घाई नाही."

गाडीत बसल्यावर गिलेननं लांग्रचा रस्ता धरला. दिजाँ मागे पडल्यावर आर्मां म्हणाला, "शोमाँला चल."

"शोमाँला कोण आहे?"

"लुसियां. असेल अजून तर."

"अरे, आधी फोन तरी कर. तो दार उघडेल का?"

"नाही उघडलं तर दाराबाहेरून बोलेन," आर्मां म्हणाला, आणि त्यानं गळ्यापाशी आवळलेलं शर्टाचं बटण सोडलं.