मनकर्णाबाईंचा माहिती अर्ज

सत्यशीलाने त्या रविवारी मोबाइलवर यादी उघडली नसती, तर खुशाल उंदिरवाडे अजूनही ब्रह्मपुरीत पंख्याखाली सुखाने बसलेला असता.

खुशाल वनविद्या विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात लिपिक. सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार विद्यापीठाला दरवर्षी संकेतस्थळावर टाकावे लागतात, माहिती अधिकाराचा कायदाच तसा आहे. एरवी ती यादी कुत्रंही पाहत नाही. पण वांगी चिरता चिरता त्याच्या बायकोने, सत्यशीलाने ती पाहिली.

"अवो, मिथुनभाऊजीले शहात्तर हजार? अन् तुमाले बासष्ट? दोघं एकाच दिवशी लागले ना?"

"तो भामरागडले हाये. जंगलातल्याले एकस्तर भेटते."

दुर्गम भागात नोकरी केली की वरच्या पदाचा पगार मिळतो, त्याला एकस्तर म्हणतात, हे खुशालला ठाऊक होतं. किती मिळतो, ते मात्र त्याने बारा वर्षांत मित्राला विचारलं नव्हतं. असतील हजार-दोन हजार, अशी आपली समजूत घातलेली. आता आकडा जगजाहीर होता. शेजारणींनाही दिसणार होता.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. मिथुन खोब्रागडे दर महिन्याच्या बैठकीला ब्रह्मपुरीला यायचा, रात्री खुशालकडेच जेवायचा आणि येताना पाव किलो चारोळी आणायचा. इतकी वर्षं ती चारोळी खुशालने कौतुकाने खाल्ली होती. आता त्याच्या मनात आलं, शहात्तर हजारवाल्याने पाव किलो आणावी? मिथुनचं ब्रह्मपुरीतलं दुमजली घर दिसू नये म्हणून तो ऑफिसला लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. हा निव्वळ मत्सर होता, आणि त्याला तो कळतही होता. कळून काही उपयोग झाला नाही.

मिथुन भामरागडला गेला कसा, हे मात्र त्याला त्या आठवड्यात एकदाही आठवलं नाही. जीव जळत असला की माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

शेवटी त्याने माहितीचा अर्ज टाकायचं ठरवलं. विद्यापीठाच्या भामरागड केंद्रातल्या, मिथुनच्या लिपिकाच्या जागेबद्दलचे पहिल्यापासूनचे सगळे आदेश आणि टिपण्या, साक्षांकित प्रतींसह. कुठेतरी एखादी मंजुरी राहून गेली असेल, ती सापडली की चौदा हजार बंद, वर मागची वसुली. स्वतःच्या नावाने अर्ज टाकायची लाज वाटली, म्हणून त्याने चामोर्शीच्या सासूबाई गाठल्या. मनकर्णाबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "जावई, हे कायचं व्हय?"

"घरकुलाचं," खुशाल बेधडक म्हणाला. म्हातारीने विश्वासाने सही केली.

अर्ज त्याने फार झकास लिहिला होता. बारा वर्षांच्या सवयीने डावीकडून कागद दुमडून समास पाडला होता. आणि प्रत्येक मसुद्याखाली लिहिणाऱ्याने डाव्या कोपऱ्यात करायची असते, ती छोटी सही, 'खु. उं.', हात आपोआप करून मोकळा झाला होता. तारखेसकट.

पंधराव्या दिवशी मंजुषा मॅडमनी त्याला बोलावलं. माहिती अधिकाराचे अर्ज त्यांच्याकडे असत. त्यांनी अर्ज त्याच्यासमोर सरकवला आणि डाव्या कोपऱ्यावर पेन टेकवलं.

"तुमच्या कोण लागतात या मनकर्णाबाई?"

खुशालचं तोंड काळवंडलं. "सासू."

"असू द्या. माहिती मागायचा हक्क सगळ्यांनाच आहे. ज्याची माहिती मागितली त्याला कळवावं लागतं, म्हणून मिथुनलाही प्रत पाठवली मी." मॅडमनी एक धुळकट फाईल उघडली. "तुमच्यामुळे हीसुद्धा काढावी लागली. वाचा."

पहिला आदेश बारा वर्षांपूर्वीचा होता. भामरागड केंद्रावर नेमणूक, श्री. खुशाल उंदिरवाडे. त्याखाली दुमडलेल्या समासाचा एक विनंती अर्ज, कोपऱ्यात तीच छोटी सही. 'पत्नी गरोदर आहे. मित्र श्री. खोब्रागडे माझ्याऐवजी जाण्यास तयार आहेत.' आणि त्याखाली तेव्हाच्या कुलसचिवांचा शेरा होता, 'एक वर्षापुरते मान्य. त्यानंतर उंदिरवाडे यांनी रुजू व्हावे.'

ते वर्ष संपल्यावर फाईल कोणी उघडली नव्हती. मिथुननेही आठवण करून दिली नव्हती.

"या प्रती आता बाहेर जाणार," मॅडम म्हणाल्या. "उद्या कोणी विचारलं, हुकूम बारा वर्षं का पाळला नाही, तर मी काय सांगू? तुमचा बदलीचा आदेश निघालाय. एकस्तर मिळेल की तुम्हाला."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिथुन कार्यभार सोडून आला. त्याने भामरागडच्या खोलीची किल्ली खुशालच्या टेबलावर ठेवली.

"तांदूळ, तेल, गोळ्या आताच नेऊन ठेव. नदी चढली का रस्ता बंद होते."

"मिथुन, मी..."

"मले विचारलं असतं तं मीच सांगितला असता पगार." मिथुनचा आवाज चढला नव्हता, पण तो खुशालकडे पाहत नव्हता. "बाबा गेले तवा मी तिकडं अडकलो होतो. खांदा तूच देल्ला. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. ते त्या यादीत नाई लिवत रे."

खुशालला मान वर करवेना. आणि इतकं होऊनही, मिथुन त्याच्या पंख्याखालच्या खुर्चीत बसला, तेव्हा खुशालच्या पोटात बारीकसं दुखलंच.

जुलैअखेर भामरागडचा रस्ता दोनदा बंद झाला. पगार जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर आला, शहात्तर हजारांच्या वर. खुशाल तो आकडा पाहत खोलीच्या दारात बसला. आत चुलीवर तिसऱ्या दिवशीही वरण-भातच होता. संध्याकाळी कसाबसा सत्यशीलाचा फोन लागला.

"मिथुनभाऊजी येऊन गेले आज. गॅस संपला होता, तं सिलिंडर आणून देल्लं. मंग जेवूनच पाठवलं."

"माह्यावर नाराज असून आला?"

"माह्यावर कायले नाराज राहतीन?"

खुशालने विषय बदलला. "काय केलं होतं जेवाले?"

"वांगे न् झिंगे."

झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, घातलेली वांग्याची भाजी हा खुशालचा जीव की प्राण. बासष्ट हजारवाला मिथुन आपल्या घरात, आपल्या जागेवर बसून ती चाटूनपुसून खातोय, हे त्याला डोळ्यांसमोर लख्ख दिसलं.

"पुन्हा वाढलं का त्याले?" त्याने विचारलं.

"दोनदा," सत्यशीला म्हणाली.