पाहुण्यांच्या रांगेतले बापूसा

सगतसिंहांच्या कमरेच्या हाडात कॅन्सर पसरला आणि घरी पाहुण्यांची नुसती रीघ लागली. मारवाडात माणूस अंथरुणाला खिळला की पंचक्रोशी समाचाराला येते, आणि आलेल्याला अमल, म्हणजे अफूचं पाणी, पाजल्याशिवाय धाडलं तर घराण्याचं नाकच कापलं! अंगणात अफू घोटली जायची, पाण्यात कालवून फडक्यातून गाळली जायची. मग थोरला मुलगा भवानीसिंह ती तळहाताच्या खळग्यात घेऊन एकेकापुढे धरायचा. पाहुणे त्याच्या हाताला तोंड लावायचे, म्हाताऱ्यासाठी हळहळायचे आणि भिंतीला टेकून सुखानं डुलक्या काढायचे. आत म्हातारा कळा सोसत, दात आवळून पडलेला.

जोधपूरच्या डॉक्टर नसीमनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "यांना कसली नशा?"

"राम राम! बापूसांनी उभ्या जन्मात नशेला शिवलं नाही," भवानी छाती फुगवून म्हणाला. सगतसिंहांनीही मान डोलावली. खोटं कुणीच बोलत नव्हतं बरं का! नशा म्हणजे दारू, गांजा. सकाळ-संध्याकाळचं अमल ही काय नशा झाली? तो तर शिष्टाचार! डॉक्टरांनी मग नवख्याला देतात तसली मॉर्फिनची छोटी गोळी लिहून दिली. औषधात दुसरं काही मिसळायला नको, म्हणून भवानीनं बापूसांचं अमल तेवढं बंद केलं.

गोळीनं काडीचा फरक पडेना. वर घाम, जुलाब, थरथर. डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवायचं काढलं, तर भवानी उसळला, "या वयात बापाला व्यसन लावू?"

शेवटी एका सकाळी सगतसिंह पुतण्यांच्या खांद्यावर भार टाकून कण्हत अंगणात आले आणि पाहुण्यांच्या रांगेत बसले.

"बापूसा, हे काय? तुम्ही पेशंट!"

"होतो. आता पाहुणा आहे. सगतसिंहाच्या समाचाराला आलोय. दारी आलेल्याला नाही म्हणतोस?"

रांगेत खसखस पिकली. भवानीचा हात मध्येच अडला, आणि नेमक्या तेव्हाच डॉक्टर तपासायला म्हणून दारात आल्या.

"हे किती वर्षं घेतायत?"

"अमल होय? मिसरूड फुटल्यापासून," सगतसिंह म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मेंदूच्या वेशीवर पहारा असतो! औषध थोडं आलं तर आत अगदीच किंचित शिरतं, जास्त आलं तर जास्त. आणि यांच्या आत जन्मभर अफूची बैठक भरलेली. माझ्या चिमुकल्या गोळीला उठून जागा कोण देणार? घाम, जुलाब, थरथर हेही अमल एकदम तोडल्याचंच. अमल बंदच ठेवा. त्याचा अंदाज धरून मी डोस बेताबेतानं वाढवते."

"पण लोक काय म्हणतील? बापाला नशेडी केला..."

"लोक? हे काय डुलतायत, विचार त्यांना!" सगतसिंहांचा आवाज फाटला. "माझ्या बाराव्याला गावाला पाजायची अफू कोठीत आणून ठेवलीस ना? पाहिलीय मी. मेल्यावरचा मान घाल चुलीत! जितेपणी एक रात्र तरी झोपू दे रे मला, भवान्या!"

कुणी हसलं नाही. भवानीनं हातातलं अमल मातीत सोडलं, धोतराला हात पुसला आणि डॉक्टरांपुढे पसरला.

"द्या," तो खाली बघत म्हणाला. "किती द्यायचं, तेवढं नीट सांगा."